डोमेन नाव आपल्याच ताब्यात कसे ठेवावे: नव्या व्यावसायिकांसाठी मार्गदर्शन

पुण्यात नवा व्यवसाय सुरू करणारा माणूस शॉप अ‍ॅक्टची नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी आणि बँकेतील चालू खाते ही कामे स्वतः पाठपुरावा करून पूर्ण करतो. डोमेन नाव, म्हणजे वेबसाइट आणि ईमेल ज्या नावावर चालतात तो इंटरनेटवरील पत्ता, मात्र तो बहुतेक वेळा वेबसाइट करून देणाऱ्यावर सोपवून मोकळा होतो. रक्कम हजार-बाराशे रुपयांची असल्यामुळे त्यात विशेष लक्ष घालावे असे कोणाला वाटत नाही. पुढे व्हिजिटिंग कार्डे, दुकानाची पाटी, टेम्पोवर रंगवलेला पत्ता आणि ग्राहकांशी होणारा सगळा ईमेल व्यवहार त्या एका नावावर अवलंबून राहतो. ते नाव कोणाच्या खात्यात आहे हा प्रश्न साधारणपणे तेव्हा विचारला जातो.

माझ्या मामांच्या भोसरीतील यंत्रभागांच्या कारखान्याचे नाव दुसऱ्याच्या खात्यातून सोडवून घेण्याचे काम मी केले आणि त्यानंतर ओळखीतल्या काहींना तेच करण्यात मदत केली. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. डोमेन विकणाऱ्यांमध्ये स्पर्धा भरपूर आहे, परंतु नाव घेतल्यानंतर त्या स्पर्धेचा फायदा तुम्हाला तेव्हाच होतो, जेव्हा विक्रेता सोडून दुसरीकडे जाण्याची साधने तुमच्या हातात असतात. पुढील सर्व पायऱ्या याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

१. बाजाराची रचना आधी समजून घ्या

डोमेनच्या व्यवहारात तीन थर असतात आणि त्यांची गल्लत झाली की तक्रार चुकीच्या दारात जाते. सर्वांत वर रजिस्ट्री असते. डॉट कॉम, डॉट इन, डॉट ऑर्ग अशा प्रत्येक शेवटाची मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था एकच असते आणि तिला त्या शेवटापुरती कोणतीही स्पर्धा नसते. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी चालवते. डॉट इन आणि डॉट भारत यांची जबाबदारी निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे. रजिस्ट्रीच्या खाली रजिस्ट्रार, म्हणजे त्या नोंदवहीत थेट नोंद करण्याची मान्यता मिळालेले विक्रेते. त्यांच्या खाली रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारकडून नावे घेऊन पुढे विकणारे. पेठेतल्या एखाद्या वाड्यातून किंवा बाणेरच्या कार्यालयातून वेबसाइट करून देणारे लोक बहुधा रिसेलर असतात आणि त्यांचा रजिस्ट्रार कोण आहे हे ग्राहकाला ठाऊकही नसते.

ही रचना नेहमी अशी नव्हती. १९९३ पासून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनशी केलेल्या कराराखाली नेटवर्क सोल्यूशन्स ही एकच कंपनी डॉट कॉमची नोंदणी करीत असे. १९९५ मध्ये तिला शुल्क आकारण्याची परवानगी मिळाली आणि दोन वर्षांचे १०० डॉलर असा दर ठरला. पर्याय नसल्यामुळे सगळ्यांना तो द्यावा लागला. या मक्तेदारीविरुद्ध ओरड वाढल्यावर १९९८ मध्ये जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी इकॅन ही संस्था स्थापन झाली आणि १९९९ मध्ये इतर विक्रेत्यांना त्याच नोंदवहीत नोंदी करण्याची मुभा मिळाली. व्हेरिसाइनने २००० मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स विकत घेतली आणि २००३ मध्ये किरकोळ विक्रीचा भाग विकून टाकला, मात्र डॉट कॉमची नोंदवही स्वतःकडेच ठेवली. स्पर्धा आली ती किरकोळ विक्रीत. घाऊक पातळीवरची मक्तेदारी तशीच राहिली आणि डॉट कॉमचा करार खुल्या निविदेविना नूतनीकृत होत आला आहे. अलीकडचे नूतनीकरण २०२४ च्या अखेरीस झाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण थेट किमतीशी जोडलेले आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून डॉट कॉमचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला, म्हणजे साधारण नऊशे रुपये, आणि त्यावर इकॅनचे छोटेसे शुल्क आणि १८ टक्के जीएसटी. हा घाऊक दर प्रत्येक विक्रेत्याला सारखाच पडतो. त्यामुळे कोणी पहिल्या वर्षी दोनशे रुपयांत डॉट कॉम देत असेल, तर तो तोटा सोसून तुम्हाला आत घेत आहे आणि पुढील वर्षांच्या नूतनीकरणातून ती रक्कम वसूल करणार आहे, हे गृहीत धरावे.

२. नावाचा शेवट निवडा

ग्राहक प्रामुख्याने भारतातले असतील तर डॉट इन पुरेसे आहे, आणि परदेशी खरेदीदारांशी व्यवहार असेल तर डॉट कॉम घ्यावे. शक्य असल्यास दोन्ही घ्यावीत. २००५ च्या सुरुवातीला डॉट इनची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली, त्यामुळे तेथे चांगली नावे अजूनही तुलनेने सहज मिळतात. डॉट को डॉट इन हाही चालणारा पर्याय आहे. डॉट एसी डॉट इन, डॉट गव्ह डॉट इन यांसारखे काही शेवट मात्र ठरावीक संस्थांसाठी राखीव आहेत. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन हा स्वतंत्र शेवट आणला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सांगितले. असे नाव तुम्हाला मिळवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर तेथून उठून यावे.

धर्मादाय न्यास किंवा सामाजिक संस्था चालवणाऱ्यांना डॉट ऑर्ग सुचवले जाते. ते योग्यही आहे, परंतु त्या शेवटाची किंमतमर्यादा २०१९ मध्ये उठवण्यात आली आणि त्याच वर्षी ती रजिस्ट्री एका खासगी गुंतवणूक कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकण्याचा घाट घातला गेला. जगभरच्या संस्थांनी विरोध केल्यावर इकॅनने ३० एप्रिल २०२० रोजी त्याला संमती नाकारली. ज्या शेवटावर आपण दहा-वीस वर्षे राहणार आहोत, त्याचा मालक आणि त्याचा दर आपल्या हाती नसतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले. नवनवीन आकर्षक शेवटांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण त्यांपैकी बहुतेकांवर घाऊक किमतीची मर्यादा नाही.

देवनागरीत नाव हवे असेल तर डॉट भारत आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील डॉट भारत सुरू झाले आणि त्यात मराठीचाही समावेश होता. पाटीवर, पत्रिकेवर किंवा गणपती मंडळाच्या अहवालावर असे नाव फार शोभून दिसते, आणि ते जरूर घ्यावे असे माझे मत आहे. मात्र संगणक आतून ते रोमन अक्षरांच्या एका लांब सांकेतिक रूपात साठवतो, आणि अनेक संकेतस्थळांचे अर्ज देवनागरी ईमेल पत्ता अजूनही स्वीकारत नाहीत. व्यवहाराचा ईमेल रोमन नावावर ठेवून देवनागरी नाव त्याच वेबसाइटकडे वळवणे हा सध्याचा सोयीचा मार्ग आहे.

३. नाव ठरवा, पण शोधत बसू नका

मराठी नाव रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते ही आपली खास अडचण आहे. ‘ज्ञान’ हा शब्द आपल्याकडे ‘डी-एन-वाय’ने सुरू होतो आणि हिंदी भाषक ग्राहक तो ‘जी-वाय’ने शोधतो, ‘श्री’च्या शेवटी दोन ‘ई’ लिहायचे की एक ‘आय’ याबद्दल एका घरातही एकमत नसते. फोनवर एकदा सांगून समोरच्याला बरोबर लिहिता येईल असेच नाव निवडा आणि फार गोंधळाची शक्यता असेल तर दुसरे स्पेलिंगही घेऊन ठेवा.

नाव पक्के करण्यापूर्वी केंद्र सरकारच्या बौद्धिक संपदा संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा शोध घ्यावा. ही सोय विनामूल्य आहे. डोमेन उपलब्ध आहे याचा अर्थ ते वापरण्याचा कायदेशीर हक्क मिळाला असा होत नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले की डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते. स्वतःच्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवायचा असल्यास व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे.

नाव उपलब्ध आहे का हे पाहायचे ठरवले की त्याच बैठकीत ते विकत घेण्याची तयारी ठेवा. २००८ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स ग्राहकांनी नुसती शोधलेली नावे तात्पुरती स्वतःच्या नावावर राखून ठेवत असल्याचे उघड झाले होते आणि त्यावरून अमेरिकेत दावा दाखल झाला. हाती आलेले नाव आठवडाभर दहा ठिकाणी तपासत बसण्यात काहीच फायदा नाही.

४. कागदपत्रे आणि इतर तयारी

ही यादी छोटी आहे, पण नोंदणी करायला बसण्याआधी सर्व हाताशी असावे.

• पॅन आणि आधार किंवा अन्य ओळखपत्र. डॉट इनसाठी नोंदणीधारकाची ओळख पडताळली जाते आणि ती पूर्ण न केल्यास नाव बंद पडू शकते.
• संस्थेच्या नावावर नोंदणी करायची असल्यास शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, भागीदारी करार किंवा कंपनीचे प्रमाणपत्र, आणि जीएसटी क्रमांक.
• स्वतंत्र ईमेल पत्ता. तो घेत असलेल्या डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो आणि नाव परत सुरू करण्यासंबंधीची पत्रे कोठेच पोहोचत नाहीत.
• मालकाच्या स्वतःच्या नावावरील मोबाइल क्रमांक. कर्मचाऱ्याचा देऊ नये.
• यूपीआय किंवा कार्ड.

५. विक्रेता निवडा

इकॅनच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त रजिस्ट्रारची यादी आहे, आणि निक्सीचीही स्वतंत्र यादी आहे. शक्यतो त्यांपैकी एखाद्याकडून थेट खरेदी करावी. पहिल्या वर्षाची किंमत बाजूला ठेवून नूतनीकरणाचा दर काय आहे ते पाहा. तो बहुधा लहान अक्षरांत किंवा वेगळ्या पानावर असतो. मुदत संपल्यानंतर नाव परत मिळवण्याचे शुल्क किती, ऑथ कोड (नाव दुसऱ्या विक्रेत्याकडे नेताना लागणारा गुप्त संकेत) स्वतःच्या खात्यातून काढता येतो की त्यासाठी ईमेल करून वाट पाहावी लागते, आणि भारतीय जीएसटीचे बिल मिळते का, हे तीन प्रश्न विक्री विभागाला लेखी विचारावेत. ऑथ कोडबद्दल गोलगोल उत्तर देणारा विक्रेता स्वस्त असला तरी घेऊ नये.

विक्रेता मोठा आणि जुना असणे ही पुरेशी हमी नव्हे. नेट फोर इंडिया ही एकेकाळी देशातील परिचित कंपनी होती. ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडल्यावर हजारो ग्राहकांना नूतनीकरण करता येईना आणि नाव दुसरीकडे नेताही येईना. अखेर २०२१ मध्ये इकॅनने तिची मान्यता काढून घेतली आणि तिच्याकडची नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे वर्ग केली. अशा प्रसंगी उपयोगी पडते ती रजिस्ट्रारने त्रयस्थाकडे ठेवलेली नोंदणीधारकांच्या माहितीची प्रत. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय ही अमेरिकी कंपनी कोसळल्यानंतर या व्यवस्थेची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली. परंतु त्या प्रतीत नाव वेबसाइटवाल्याचे असेल, तर हक्कही त्याचाच धरला जाईल.

६. नोंदणी स्वतःच्या नावावर करा

या लेखातील हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. नोंदणीच्या अर्जात नोंदणीधारक, प्रशासकीय संपर्क आणि तांत्रिक संपर्क असे वेगवेगळे रकाने असू शकतात. त्यांपैकी नोंदणीधारक या रकान्यात ज्याचे नाव, त्याचे डोमेन. पैसे कोणी भरले, वेबसाइट कोणी केली, नाव कोणाला सुचले याला त्यापुढे फारसे महत्त्व राहत नाही. जमीन घेताना सातबारा न पाहता कोणी बयाणा देत नाही. येथेही तीच दक्षता हवी.

खाते मालकाच्या ईमेलने उघडा, पासवर्ड मालकाने ठेवा आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करा. भागीदारी असेल तर व्यक्तीऐवजी फर्मचे नाव नोंदवा. भागीदार वेगळे झाले की यंत्रे, जागा आणि उधारी यांची वाटणी लेखी होते. डोमेन ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो त्याच्याकडेच राहून जाते.

नोंदणी झाल्यावर ईमेल पत्ता पडताळण्याची लिंक येते. डॉट कॉमसारख्या शेवटांसाठी ती १५ दिवसांत उघडली नाही तर नाव स्थगित होते. ही लिंक जाहिरातीसारखी दिसते आणि म्हणून दुर्लक्षिली जाते. त्यानंतर इकॅनच्या शोधपानावर आपले नाव टाकून नोंद तपासावी. माहिती झाकलेली दिसली तर खात्यात आत जाऊन नोंदणीधारकाचा रकाना पाहावा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. डॉट कॉमसाठी गोपनीयतेची सेवा घेता येते आणि ती घेतल्यास नको असलेले फोन बरेच कमी होतात. डॉट इनमध्ये दुसऱ्याच्या नावाआड नोंदणी करण्यास परवानगी नाही.

वेबसाइट करणाऱ्याने ‘डोमेन फ्री’ असे पॅकेज दिले तर मी ते नम्रपणे नाकारण्याचा सल्ला देतो. तो माणूस अप्रामाणिक असतो असे नाही. अनेकदा तो व्यवसाय सोडतो, बंगळुरूला नोकरी धरतो, फोन बदलतो, आणि त्याच्या खात्यातील पन्नास ग्राहकांची नावे एकाच पासवर्डमागे अडकून पडतात.

७. वेबसाइट करणाऱ्याला नेमके काय द्यावे

त्याला तुमच्या डोमेन खात्याचा पासवर्ड लागत नाही. त्याने नेमसर्व्हरचे दोन पत्ते किंवा डीएनएसच्या काही नोंदी (तुमचे नाव कोणत्या संगणकाकडे वळवायचे हे सांगणारी माहिती) लेखी द्याव्यात आणि त्या तुम्ही खात्यात भराव्यात, एवढेच काम असते. काही विक्रेते दुसऱ्या व्यक्तीला फक्त डीएनएसपुरता प्रवेश देण्याची सोय करतात. ती असल्यास वापरावी. डोमेन, होस्टिंग (वेबसाइट साठवण्याची भाड्याची जागा) आणि ईमेल एकाच ठिकाणी घेणे सोपे वाटते, पण डोमेन वेगळ्या विक्रेत्याकडे ठेवल्यास होस्टिंगच्या बिलावरून वाद झाला तरी नाव ओलीस राहत नाही.

८. मुदत आणि नूतनीकरण

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी वापरण्याचा हक्क मिळतो. चालू व्यवसायाच्या मुख्य नावासाठी तीन ते पाच वर्षांचे शुल्क एकदम भरावे असे माझे मत आहे, कारण तेवढ्या काळापुरती दरवाढ टळते. परदेशी विक्रेत्याकडील स्वयंचलित नूतनीकरणावर विसंबू नका. आवर्ती देयकांसंबंधीचे रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ मध्ये लागू झाल्यापासून भारतीय कार्डावरून अशी रक्कम अनेकदा कापलीच जात नाही.

डॉट कॉमची मुदत संपली तरी नाव लगेच जात नाही. सुरुवातीला विक्रेत्यागणिक बदलणारा, जास्तीत जास्त ४५ दिवसांचा सवलतीचा काळ असतो. त्यानंतर ३० दिवसांच्या टप्प्यात मोठे शुल्क भरून नाव परत घेता येते. आणि शेवटच्या ५ दिवसांत कोणालाच काही करता येत नाही. मात्र वेबसाइट आणि ईमेल मुदत संपल्यावर लवकरच बंद पडतात, आणि काही विक्रेते सवलतीच्या काळातच नावाचा लिलाव मांडतात. मुदतीच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी आठवण पाठवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. ती पत्रे रिसेलरच्या ईमेलवर जात असतील तर तुम्हाला काहीच कळणार नाही.

याच सुमारास बनावट पत्रेही येतात. ‘तुमचे नाव चीनमध्ये दुसरी कंपनी नोंदवत आहे, त्वरित उत्तर द्या’ असा मजकूर किंवा बिलासारखा दिसणारा ‘सर्च इंजिन नोंदणी’चा कागद आला, तर पैसे भरू नयेत. नूतनीकरण नेहमी स्वतःच्या खात्यात जाऊनच करावे.

९. विक्रेता बदलणे

डॉट कॉमच्या बाबतीत, नवी नोंदणी किंवा आधीचे स्थलांतर होऊन ६० दिवस झालेले असावेत. प्रथम खात्यातील ट्रान्सफर लॉक, म्हणजे नाव परस्पर हलवले जाऊ नये म्हणून असलेले कुलूप, काढा, ऑथ कोड घ्या आणि तो नव्या विक्रेत्याकडे भरून शुल्क द्या. या शुल्कात एक वर्षाचे नूतनीकरण धरलेले असते, त्यामुळे आधीची शिल्लक मुदत वाया जात नाही. जुन्या विक्रेत्याने हरकत न घेतल्यास साधारण पाच दिवसांत काम होते. मुदत संपायला महिना-दीड महिना असतानाच हे हाती घ्यावे. अगदी शेवटच्या आठवड्यात नको.

नाव दुसऱ्याच्या खात्यात असेल आणि तो ते द्यायला तयार असेल, तर क्रम महत्त्वाचा ठरतो. नोंदणीधारकाचे नाव बदलले की अनेक विक्रेते पुन्हा ६० दिवसांची बंदी घालतात. म्हणून नावबदल करतानाच ही बंदी नको असा पर्याय मिळतो का ते पाहा, किंवा त्याच रजिस्ट्रारकडे तुमचे खाते उघडून तेथे नाव हलवून घ्या.

रजिस्ट्रारला स्थलांतर नाकारण्याची कारणे मर्यादित आहेत. चालू किंवा मागील मुदतीचे डोमेन शुल्क थकले असेल तर तो नाकारू शकतो. पुढील वर्षाचे पैसे भरले नाहीत म्हणून नाकारू शकत नाही. तुम्ही रिसेलरला पैसे दिलेले असताना त्याने रजिस्ट्रारची उधारी थकवली, हेही कारण चालत नाही. ऑथ कोड मागितल्यावर तो खात्यात मिळण्याची सोय नसेल, तर पाच दिवसांत देणे रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. मामांच्या प्रकरणात रिसेलर उत्तर देईना, तेव्हा शोधपानावरून रजिस्ट्रार कोण हे शोधून थेट त्याला लिहिले आणि या नियमाचा उल्लेख केल्यावर काम हलले.

१०. वाद झाल्यास

डॉट कॉमसारख्या शेवटांबाबत रजिस्ट्रार नियम पाळत नसेल तर इकॅनच्या संकेतस्थळावर तक्रारीचा अर्ज आहे. डॉट इनच्या तक्रारी इकॅन हाताळत नाही; त्यासाठी निक्सीकडेच जावे लागते. कोणी तुमच्या ट्रेडमार्कचे नाव अडवून बसला असेल तर डॉट कॉमसाठी १९९९ पासून लागू असलेली यूडीआरपी ही प्रक्रिया आहे, आणि डॉट इनसाठी लवादामार्फत चालणारी आयएनडीआरपी. जिनिव्हातील वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक ते पाच नावांसाठी एका परीक्षकाचे यूडीआरपी शुल्क १,५०० डॉलर आहे. या मार्गाने नाव परत मिळू शकते किंवा रद्द होऊ शकते. नुकसानभरपाई मिळत नाही.

येथे एक अडचण लक्षात घ्यावी. यूडीआरपीमध्ये समोरच्याने नाव वाईट हेतूने नोंदवले आणि वाईट हेतूने वापरले हे दोन्ही सिद्ध करावे लागते. तुमच्याच सांगण्यावरून नाव घेतलेल्या वेबसाइटवाल्याबाबत पहिला मुद्दा सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून कामाच्या पहिल्या दिवशीच ‘डोमेन ग्राहकाच्या मालकीचे राहील आणि मागणी केल्यावर ऑथ कोडसह दिले जाईल’ हे वाक्य कोटेशनमध्ये लिहून घ्यावे, आणि डोमेनचे बिल वेबसाइटच्या बिलात न मिसळता स्वतंत्र मागावे.